एकशे दहा वोल्टचा शौक

अहो,

तुम्हाला खुर्चीतून उचलून खाली घेतलं तेव्हा टीव्हीवर भांडी घासायच्या साबणाची जाहिरात चालू होती. तुमचे ते पाच भोंगे पाच बाजूंनी ओरडत होते. कुठलीशी बाई चकाचक, चकाचक म्हणत आमच्या डोक्यावरून हसत होती. शेजारच्या सुमनबाई तुमच्या तोंडात तुळशीचं पाणी घालत होत्या, मी तुमचे पाय धरून हाका मारत होते, आणि माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. माझा भाऊ वसंता नेमका त्या दिवशी नालवाडीहून आलेला. त्याने तुमच्या मुठीतून रिमोट सोडवला आणि घाईघाईत दिसेल ते बटण दाबलं, तर आवाज अजूनच वाढला. साबण संपला, बनियन आलं. शेवटी सुमनबाईंच्या नवऱ्याने ती पिनच भिंतीतून उपटली. तोवर तुम्ही गेलेले होतात.

भेटायला येणाऱ्या बाया विचारतात, त्या घडीला काय वाटलं? खरं सांगते, किळस आली. दुःख मागाहून आलं, ते अजून येतंच आहे, पण पहिली आली ती किळस. सारा जन्म ज्याच्यासोबत काढला तो माणूस जातो आणि त्याच्या उशाशी बनियन विकतात. तुमच्या त्या अमेरिकन होम थिएटरची मला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. त्या दुपारी ती हाडात शिरली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणे. ते पेपरात छापून आलं आहे, तुमच्या टोपीतल्या फोटोखाली. ‘मनमिळाऊ’ लिहिलंय. मनमिळाऊ! आपले जे वाद व्हायचे ते सगळ्या सेलूने ऐकले आहेत, एक तुम्ही सोडून.

कारण तुम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाही. उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेला. तो दगडांचा घरघराट, तो पट्ट्याचा फटफटाट. आधी तुमचे कान बारीक आवाज विसरले, मग माझा. गिऱ्हाईक काय म्हणतं ते तुम्ही ओठांवरून ओळखायचे, आणि नाही ओळखता आलं की मान हलवायचे. “हो हो, बरोबर हाय.” काय ती मान! कुणाला गहू बारीक हवा, कुणाला ज्वारी जाडसर, तुम्ही सगळ्यांना मान हलवायचे आणि दळण आपल्या मनाने करायचे. आपल्या शीतलच्या लग्नाच्या बैठकीत व्याही म्हणाले, लग्न आमच्या गावी रोहण्यालाच होईल. तुम्ही मान हलवलीत. सगळं वऱ्हाड गाड्यांत भरून निघालं आणि अर्ध्या रस्त्यात तुम्ही मला विचारता, “रोहन्याले काऊन चाललो आपून?” मी त्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला होता. आज तेच आठवून सुमनबाईंपुढे हसले, आणि मग मला आवरेना.

पण गिरणीतलं मात्र तुम्हाला सगळं कळायचं. दळणाच्या पेटीवर उजवा तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि सांगायचं की दगड घासतोय, पट्टा सैल आहे, पीठ गरम येतंय. कधी चुकला नाहीत. “हातानं आयकू येते मले,” म्हणायचे. मी त्याला तुमची फुशारकी समजत होते.

शीतलकडे अमेरिकेत गेलो ते खरं तर तुमच्या कानांसाठीच. पोरीने तिथल्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. तुम्हाला काचेच्या खोलीत बसवलं, कानात टीं टीं केलं, आणि त्या डॉक्टरीण बाईने काय विचारलं कोण जाणे, तुम्ही प्रत्येकदा मान हलवलीत. कानात घालायची शेंगदाण्याएवढी मशीन ठरली. दुसऱ्या दिवशी जाऊन आणायची एवढंच राहिलं होतं. जावईबापू आपल्याला घेऊन गेले, आणि त्या दवाखान्याला लागूनच ते दुकान होतं. आत एक अंधारी खोली, गुबगुबीत खुर्च्या, भिंतीएवढा पडदा. दुकानातल्या बाईने तुम्हाला बसवून काहीतरी लावलं. पडद्यावर एक माणूस खडीच्या रस्त्याने चालला होता. तुम्ही एकदम माझा दंड धरलात.

“कांता, चपलीचा आवाज आयला! त्याच्या चपलीचा आवाज येऊन राह्यला!”

तुमचे डोळे भरले होते. खोटं कशाला बोलू, माझेही भरले. मी तुमच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, “मंग घ्या ना जी कानाची मशीन. समद्याच्याच चपला आयकू येतीन.”

“ते कानात टाकली का मानूस बहिरा होते,” तुम्ही म्हणालात. “हे घरात ठेवलं का शौकीन होते.”

झालं. पोरीने तुमच्या कानांसाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्या भोंग्यांत गेलं. जावईबापू बिचारे परोपरीने सांगत होते. बाबा, इथली वीज वेगळी असते, एकशे दहा वोल्टची. आपल्याकडे दोनशे तीस येते, हे तिकडे जळून जाईल. बिघडलं तर गॅरंटी इथल्या दुकानाची, सेलूत कोण येणार? यापेक्षा चांगलं नागपुरात मिळतं. तुम्ही एकेका वाक्याला मान हलवत होता. बरोबर हाय, बरोबर हाय. त्यांना वाटलं तुम्हाला पटलं. मी ओळखलं की तुम्ही एक शब्दही ऐकलेला नाही, आणि ऐकला असता तरी फरक पडला नसता. बाहेरदेशी गेलेल्या माणसाने हात हलवत परत यायचं नसतं, हे आपल्याकडे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. आणि आणायची ती वस्तू अशी, की चार लोकांनी येऊन बघितली पाहिजे. कानातलं शेंगदाण्याएवढं कोण बघायला येणार?

परतीच्या बॅगा आठवतात का? मी जावांसाठी, वहिनीसाठी, सुमनबाईंसाठी जे जे घेतलं होतं ते सगळं विमानतळाच्या काट्यासमोर बाहेर निघालं. एक मऊ चादर मी स्वतःसाठी घेतली होती, तीही शीतलच्या हातात परत गेली. माझी लुगडी तेवढी बॅगेत राहिली, ती भोंग्यांना गुंडाळायला कामी आली म्हणून. मी घरी आले ती चॉकलेटच्या चार वड्या घेऊन. जाऊबाई म्हणाल्या, अमेरिकेहून हेच?

आणि मग ते वोल्टेजचं. अहो, ते जगात दुसऱ्या कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर आणा आधी, जावयांनी सांगितलंय. तुम्ही हसलात.

“मले मोटरा शिकवते का वं? आपल्या सेलूत संध्याकायी कधी दोनशे तीस आयले? वावरातले पंप चालू झाले का बलबची चिमनी होते. तवा येते एकशे दहा, बरोबर. हा डबा अमेरिकेनं आपल्यासाठीच बनवला, समज.”

बघायला जमलेल्या चौघांनीही माना डोलावल्या. का नाही डोलावणार? कमी वोल्टेजमध्ये जन्म काढलेली माणसं. आपल्या दुखण्याचा कुठेतरी उपयोग होतोय हे ऐकून त्यांना बरंच वाटलं असेल. तुम्ही घराला लागूनच्या गिरणीच्या बोर्डावरून वायर ओढलीत, त्या बोर्डावर वोल्टेजचा काटा होता म्हणून. पिना चपट्या, आपलं भोक गोल, तर पिना पक्कडीने पिळून काडेपेटीच्या काड्या खोचून बसवल्या. सांध्यांना खर्र्याच्या पन्न्या गुंडाळल्या. ज्यातून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळून खाल्ला, त्याच लाळेने चिकट झालेल्या पन्न्या! आणि सगळे त्या काट्याकडे बघत बसले. पंप चालू झाले, बल्ब तांबडा झाला, काटा खाली येत येत तुमच्या मनासारखा थांबला. तुम्ही सगळ्यांत मोठा डबा आधी लावला, तो जमिनीवर ठेवायचा, घुमणारा. त्याला तुम्ही ढोल्या म्हणायचे.

ढोल्या घुमला हो! खोटं बोलणार नाही. छाती हलली. तुम्ही त्याच्यावर तळहात ठेवून डोळे मिटले आणि तुमच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आपल्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शेतांकडची लाइन गेली, पंप एकदम बंद झाले, आणि सगळी वीज गावाकडे धावून आली. बल्ब पांढराफटक पडला. ढोल्या एकदा भुंकला, त्याच्यातून धूर निघाला, आणि घरभर असा घाण वास सुटला की सुमनबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, “कांताबाई, भाजी लागली तुमची!”

बाकीचे पाच भोंगे आणि त्यांची पेटी लावायची राहिली होती म्हणून वाचली. मग निमूट नागपूरहून ट्रान्सफॉर्मर आला. पाट्याइतका जड, कायम तापलेला, दिवसभर घूंऽ घूंऽ करणारा. त्याला ठेचकाळून माझ्या पायाचं नख गेलं. आणि एवढं करून त्या अमेरिकन पेटीतला रेडिओ आपलं स्टेशन धरेना, तो तिथल्याच आकड्यांवर थांबायचा आणि आपलं स्टेशन दोन आकड्यांच्या मधे राहायचं. वर्ध्याहून आणलेली सिनेमाची तबकडी घातली तर पडद्यावर यायचं की ही या मुलखाची नाही. तुम्ही वाकून त्याला सांगायचे, “अबे, तूच नाई इथला.” पण तेवढ्यावरून मी हसले की तुम्हाला राग यायचा.

मेलेल्या ढोल्याला तुम्ही फेकूही दिलं नाही. त्याला मागून मुठीएवढं भोक होतं, हवा जायला. त्यात तुम्ही काय टाकायचे हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. खुर्चीशेजारी थुंकायचा रंगाचा जुना डबा, दुसऱ्या बाजूला ढोल्या. खर्रा तोंडात, पन्नी भोकात, पिंक डब्यात. रिमोटची बटणं तेलकट, त्यांच्यावरचे आकडे गेलेले. समोर पडद्यावर दिवसभर जगातल्या सगळ्या सासू-सुना भांडायच्या, कुस्त्या व्हायच्या, बनियनं विकली जायची, आणि आवाज असा की आमटी उकळलेली मला दिसून कळायची. लोकांना वाटायचं घरात शौकीन माणूस राहतो. मला तुमच्यासमोर ताट ठेवताना कोरडी ओकारी यायची, हे तुम्हाला कधी बोलले नाही. एरवी सगळं बोलले, हे तेवढं राहिलं.

आणि वाद तो एकच. मशीन घाला. नाही घालत. शीतल फोनवर रडायची, तुम्ही फोनला मान हलवायचे. फोनला! मी म्हणायचे, तुमच्या शौकापायी मी या घरात मुकी झाले. तुम्ही म्हणायचे, काय म्हणून राह्यली? मी म्हणायचे, काही नाही. असे किती ‘काही नाही’ मी गिळले असतील.

आता जे सांगायला बसले ते सांगते. जायच्या आधीच्या मंगळवारी भर दुपारी लाइन गेली. भोंगे गप्प, ट्रान्सफॉर्मरची घूंघूं गप्प. घर इतकं शांत झालं की मला बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. तुम्ही बंद टीव्हीकडे तोंड करून तसेच खुर्चीत बसलेले, लाइन येईल म्हणून. मी मागून आले आणि दमून तुमच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिले. गिरणी भाड्याने दिली तरी तुम्ही रोज एक चक्कर मारायचेच, आणि तुमच्या मानेवर, केस कापलेल्या जागी, पिठाचा पांढरा पट्टा होता. तसाच, जसा मी सासरी आले तेव्हा पहिल्यांदा पाहिला होता. माझ्या आत काहीतरी हललं आणि मी बोलून गेले.

“तुमच्यासंग आयुष्य गेलं ते बरं गेलं जी माह्यं.”

समोरून कधीच बोलले नसते. समोरून तुम्ही ओठ वाचले असते, आणि मग मला तोंड लपवायला जागा राहिली नसती. मी पाठीला बोलले, कारण पाठीला ऐकू येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

तुम्ही मान हलवलीत. एकदाच, हळू. तेवढ्यात लाइन आली, भोंगे भडाडले, तुम्ही म्हणालात, “आली पाय लाइन.” आणि मी वांगी चिरायला गेले.

ती मान कशाला हलली होती? हाच काटा आहे मला. तुम्ही माणसांना मान हलवायचे, फोनला हलवायचे, कुणी नसताना पंख्याला हलवायचे. मला तुम्ही मान दिलीत की नुसती सवयीने हलली? हे आता कुणाला विचारू?

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि वसंता उंबऱ्यावर रेंगाळला. तुमच्या फोटोचा हार अजून सुकायचा होता. “बाई, भाऊजीचं ते थेटर आता तू काय करशीन? घरी पोरं मांगं लागले माह्या.” मला त्याची इतकी किळस आली की मी हातानेच दाखवलं, ने. त्याने आधी ढोल्याच उचलला, दिसायला मोठा म्हणून. वाकडा केला तसं भोकातून उंदराचं घरटं सांडलं त्याच्या पायावर. तुमच्या खर्र्याच्या शेकडो पन्न्या बारीक कुरतडून मऊ केलेल्या, त्यात लेंड्या, आणि त्यात गुलाबी, उघडी, वळवळणारी पिल्लं. वसंता ओरडून मागे सरला. शी शी करत नळावर पाय धुतले आणि चहासुद्धा न घेता नालवाडीला निघून गेला. थेटर नको म्हणाला. मी पदर नाकाला लावून ते सगळं झाडलं, आणि तुम्हाला मोठ्याने शिव्या घातल्या. पंधरवड्यानंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं.

झाडून झाल्यावर बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून तुमच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. उजव्या हाताशी लाकूड तुमच्या तळव्याने काळं, गुळगुळीत झालेलं. मी हात तिथेच ठेवला. सुमनबाई मागून आल्या, खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकून म्हणाल्या, “काई खाल्लं का वं बाई?”

आणि माझ्या तळहाताखाली मुंगी चालली.

“पुन्हा बोला,” मी म्हटलं.

“काय बोलू?”

“काहीही बोला. तिथूनच.”

“अवं, खाल्लं का म्हटलं. अशी काऊन करून राह्यली?” पुन्हा तीच मुंगी. लाकडातून त्यांचा आवाज येत होता, बारीक, पण येत होता. मी त्यांना बोलायलाच लावत राहिले. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. बिचाऱ्या भाजीचे भाव सांगत उभ्या राहिल्या, आणि मी डोळे मिटून हात ठेवून रडत बसले.

म्हणजे त्या मंगळवारी काहीतरी पोचलं असेल. शब्द नाही पोचले, ते मी समजते. पण दगड घासतोय की नीट चालतोय हे ज्या हाताला कळायचं, त्याला एवढं तरी कळलं असेल की आज ही मागे उभी राहून भांडत नाहीये. त्यालाच तुम्ही मान हलवली असेल. शीतल म्हणते, आई, थिएटर ठेव, बाबांची आठवण आहे. मी भोंगे पुसून ठेवलेत, पण लावणार नाही. त्यांच्या आवाजाने अजून ओकारी येते. खुर्ची मात्र कुणाला देणार नाही.

पण ‘असेल’, ‘असेल’ करत जगायचाही मला वीट आला आहे. जन्मभर तुमच्या मानेचे अर्थ लावले, आता मेल्यावरही तेच करू? म्हणून हे लिहून काढलं. वाचायला कान लागत नाहीत, वोल्टेजही लागत नाही. तुमच्या फोटोसमोर उभी आहे, पाठीमागे नाही, आणि कागद तुमच्या डोळ्यांसमोर धरला आहे. तुमच्यासोबत गेलं ते बरं गेलं हो माझं. वाचा नीट. आणि यावर नुसती मान हलवलीत, तर याद राखा.